एलातचा विमानतळ : गावातून वाळवंटात

एलात हे आपल्या इस्राएलचं दक्षिण टोक. तेल अविवहून रस्त्याने साधारण ३५० किलोमीटर, बसने पाचेक तास. सत्तरी ओलांडलेल्या माणसाचे गुडघे या प्रवासाला नको म्हणतात. एलातमध्ये इस्पितळ आहे, पण मोठं दुखणं निघालं की बेर शेवा नाहीतर तेल अविवच गाठावं लागतं. त्यामुळे तिथल्या म्हाताऱ्या माणसांना विमान म्हणजे चैन नव्हे.

१९४९ साली हा भाग इस्राएलच्या हाती आला आणि त्याच वर्षी तिथे धावपट्टी झाली. १९५० पासून अर्कियाची विमानं येऊ लागली. पुढे गाव वाढलं, हॉटेलं उभी राहिली, आणि कडेचा विमानतळ गावाच्या मधोमध आला. याकोव होझमन यांचं नाव त्याला दिलेलं होतं. धावपट्टी जेमतेम १९०० मीटर, इमारत एखाद्या एस. टी. स्टँडएवढी! पण उतरलं की बॅग ओढत हॉटेलपर्यंत पायी जाता येई. मी स्वतः कितीदा तरी गेलोय.

एवढ्याशा पट्टीवर मोठी विमानं उतरत नसत. युरोपहून येणारे प्रवासी उत्तरेला सुमारे ६० किलोमीटरवर, ओव्हदा या हवाईदलाच्या तळावर उतरायचे. शिवाय गावातली जागा सोन्याच्या मोलाची. म्हणून तिम्नाजवळ नवा विमानतळ बांधायचं ठरलं. काम चालू असतानाच २०१४ चं गाझा युद्ध झालं. परदेशी कंपन्यांनी लोदला (बेन गुरियन म्हणा हवं तर, आपण जुने लोक लोदच म्हणतो) येणं दोनेक दिवस थांबवलं. तेव्हा सरकारने नवी पट्टी ३६०० मीटरपर्यंत वाढवली, म्हणजे अडीअडचणीला मोठी विमानं तिथे उतरवता येतील.

नाव दिलं रामोन. अंतराळवीर इलान रामोन आणि त्यांचा वैमानिक मुलगा असाफ, दोघांच्या स्मरणार्थ. २००३ साली कोलंबिया यान कोसळलं त्यात इलानबरोबर आपल्या भारताची कल्पना चावलाही गेली, हे वाचकांना आठवत असेल. असाफ २००९ मध्ये लढाऊ विमानाच्या अपघातात गेला.

उद्घाटन २१ जानेवारी २०१९ ला झालं. मार्चमध्ये गावातला विमानतळ बंद, आणि १ जुलैला तेल अविवचा स्दे दोव्हही बंद. म्हणजे दोन्ही टोकांना विमानतळ घरापासून लांब गेले! रामोन एलातपासून १८ किलोमीटरवर. आधी बस नाहीतर टॅक्सी, मग तपासणी. उड्डाण पाऊण-एक तासाचं, पण दारापासून दारापर्यंत अर्धा दिवस मोडतो. इमारत मात्र देखणी आहे, चकचकीत, थंडगार.

युरोपच्या स्वस्त कंपन्या हिवाळ्यात यायच्या त्या सरकारी अनुदानावर. २०२० मध्ये करोना आला आणि ती गर्दी ओसरली. ऑगस्ट २०२२ मध्ये वेस्ट बँकेतल्या पॅलेस्टिनी प्रवाशांना इथून सायप्रसला नेलं, तो प्रयोग फार चालला नाही. ऑक्टोबर २०२३ नंतर एलातची हॉटेलं घरदार सोडून आलेल्या कुटुंबांनी भरली, परदेशी पाहुणे दिसेनासे झाले. ७ सप्टेंबर २०२५ ला येमेनहून आलेला ड्रोन थेट प्रवासी इमारतीवर आदळला. काही तासांतच विमानं पुन्हा सुरू झाली.

एवढी मोठी पट्टी, पण तिचा भार आजही मुख्यतः देशातल्याच विमानांवर. तिकीट काढताना एवढं लक्षात ठेवा : चालायला त्रास असेल तर चाकाची खुर्ची तेव्हाच मागून घ्या, आणि गावात जायच्या बसची वेळ आधी विचारून ठेवा.