फंड, संप आणि एक ओळ

आमच्या गोखिवऱ्यात गाळे उघडतात तसे बंदही होतात. त्याची बातमी होत नाही. २०२३ च्या पावसाळ्यात असाच एक गाळा बंद झाला आणि माझ्या भाच्याची नोकरी गेली. पोरानं तीन वर्षं आठ महिने लेथवर काम केलं होतं. दोन महिने घरी बसून शेवटी माझ्याकडे आला. म्हणाला, "मामा, फंड काढून टाकतो. भाडं थकलंय."

फंड म्हटलं की मला आबा आठवतात. आबा परळच्या गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि सुमारे अडीच लाख गिरणी कामगार बाहेर पडले. आबांनी तीन वर्षं वाट पाहिली, मग राजीनामा देऊन फंड काढला आणि त्या पैशांत इथे खोली घेतली. आम्ही वाढलो ती हीच खोली. म्हातारपणाची सोय मात्र चाळिशीतच संपली.

या फंडाचा वटहुकूम १५ नोव्हेंबर १९५१ चा, कायदा १९५२ चा. सुरुवातीला फक्त सहा उद्योगांना लागू होता: सिमेंट, सिगारेट, इंजिनिअरिंग, लोखंड-पोलाद, कागद आणि कापड. कामगाराचे सव्वासहा टक्के, मालकाचेही तेवढेच. म्हणजे रुपयाला एक आणा! (आता बहुतेक ठिकाणी बारा टक्के.)

पैसा म्हातारपणासाठी, म्हणून मधे हात घालू नये, हा मूळ हेतू. पण माणसाचं आयुष्य काही हेतू पाहून चालत नाही. म्हणून योजनेत एकेक अपवाद येत गेला. घरासाठी ६८-बी, आजारपणासाठी ६८-जे, लग्न-शिक्षणासाठी ६८-के. कारखाना पंधरा दिवसांहून जास्त बंद राहिला आणि भरपाई मिळाली नाही तर ६८-एच. त्यात मात्र एक अट होती: बंद पडण्याचं कारण संप नसावं. ही ओळ पहिल्यांदा वाचली तेव्हा मी बराच वेळ तिथेच थांबलो होतो.

आयकराचंही असंच. १९६१ च्या कायद्यातला नियम असा की सलग पाच वर्षं नोकरी झाली नसेल आणि फंड काढला, तर मालकाचा वाटा आणि व्याज करपात्र. शिवाय आधी घेतलेली करसवलतही परत जाते. २०१५ पासून तर अशा रकमेवर जागेवरच कर कापायला लागले. पण अपवाद इथेही होते: आजारपणामुळे नोकरी गेली, मालकाचा धंदा बंद झाला किंवा आटला, किंवा कामगाराच्या हाताबाहेरचं कारण असलं, तर पाच वर्षांची अट नाही.

मग भाच्याला काळजी कसली? काळजी होती एका रकान्याची. गाळ्याच्या हिशेबनिसानं नोंद केली होती, 'स्वतःहून नोकरी सोडली'. गाळ्याला कुलूप लागलेलं, आणि कागदावर मात्र पोरानंच पाठ फिरवलेली. कायद्यानं दिलेली सूट त्या एका ओळीत अडकली होती. मालकाला तीन वेळा फोन केला. "बघतो" म्हणाला. असो.

शेवटी आम्ही फंड काढलाच नाही. दोन महिन्यांचं भाडं मी उसनं दिलं. ऑक्टोबरात त्याला वालिवला काम मिळालं आणि जुना फंड नव्या खात्यात वळवला. शिल्लक अशी पुढे नेली की आधीची नोकरीही पाच वर्षांत धरली जाते. २०२५ च्या सुरुवातीला त्याची पाच वर्षं भरली.

ऑक्टोबर २०२५ मध्ये फंडाच्या विश्वस्त मंडळानं ठरवलं की पैसे काढण्याच्या तेरा तरतुदींच्या तीनच करायच्या आणि पाव हिस्सा खात्यात ठेवायचाच. भाचा कुरकुरला, "मामा, पैसे आपलेच ना?" त्याचंही खरं आहे. पण मला आबांची म्हातारपणी औषधाच्या चिठ्ठीतली निम्मीच औषधं आणायची सवय आठवली. त्यांना फंड पुढे न्यायला दुसरी गिरणीच उरली नव्हती.

तुमच्या घरी कुणी मधेच फंड काढला होता का? कशासाठी? जरूर लिहा.