पार्लमेंटकडील अर्ज : खानदेश

ब्रिटिश अमदानीत गाऱ्हाण्यांची दाद मागण्यासाठी लंडनच्या पार्लमेंटकडे गेलेल्या अर्जांचा खानदेशाशी (आजचे जळगाव, धुळे व नंदुरबार जिल्हे) आलेला संबंध. तो बहुतांशी अप्रत्यक्ष आहे. अर्ज मुंबईत आणि पुण्यात लिहिले गेले. साऱ्याचे ओझे मात्र तापीकाठचा कुणबी वाहत होता. खानदेशची बाजू समजायची तर अर्जांइतकेच १८५२ मध्ये जमीनमोजणीला (पाहणीला) झालेल्या विरोधाकडे पाहावे लागते. म्हणून येथे त्याला अधिक जागा दिली आहे.

पाहणीविरोध, १८५२ : मराठी राज्य गेल्यावर १८१८ मध्ये कॅप्टन जॉन ब्रिग्ज याच्याकडे खानदेशचा कारभार आला व धुळे हे मुख्य ठाणे झाले. पुढे गोल्डस्मिड आणि विंगेट या इंग्रज अधिकाऱ्यांनी १८३६ च्या सुमारास इंदापुरात बसवलेली पाहणीची पद्धत मुंबई इलाख्यात पसरली. शेत न् शेत मोजायचे, जमिनीची प्रतवारी लावायची आणि तीस वर्षांसाठी सारा ठरवायचा, अशी ती पद्धत. १८४७ च्या संयुक्त अहवालाने तिला नियमांचे रूप दिले. पाहणी खानदेशात येताच सावदा, फैजपूर, एरंडोल या भागांत विरोध उभा राहिला. सावद्यास मोठा जमाव जमला. पाहणी बंद करा, एवढीच त्याची मागणी होती. कलेक्टर मॅन्सफील्ड होता. विंगेटही या प्रकरणात प्रत्यक्ष गुंतलेला होता. डिसेंबर १८५२ मध्ये फौज आणून पुढाऱ्यांना पकडण्यात आले. या कामी धरणगावची भिल्ल पलटणही वापरली गेली. ही पलटण औट्रम या इंग्रज अधिकाऱ्याने १८२५ मध्ये उभी केली होती. पुढे मोजणी पार पडली व नवे दर लागू झाले.

विरोधाच्या कारणांबद्दल एकमत नाही. सरकारी कागदांचा सूर असा, की कमी साऱ्यावर उत्तम जमिनी बाळगणारे सधन लोक यामागे होते आणि मोजणीने ते उघडे पडणार होते. मोजणी म्हणजे सारावाढ, ही साधी भीतीही गावोगाव होती, आणि एवढ्या गावांना एकत्र आणायला ती पुरेशी होती. हे कागद ज्यांनी अटक केली त्यांच्याच दफ्तरातले आहेत, हे वाचकाने विसरू नये. 

मुंबईचा अर्ज : त्याच वर्षी, २६ ऑगस्ट १८५२ रोजी, मुंबईत बॉम्बे असोसिएशन स्थापन झाली. जगन्नाथ शंकरशेट अध्यक्ष, डॉ. भाऊ दाजी लाड चिटणीस. दादाभाई नौरोजीही स्थापनेत होते. ईस्ट इंडिया कंपनीची सनद दर वीस वर्षांनी पार्लमेंटपुढे येई. १८५३ ची मुदत जवळ आल्याने संस्थेने अर्ज पाठवला. कंपनी व ब्रिटिश सरकार यांचा दुहेरी कारभार बंद व्हावा, कायदेमंडळात एतद्देशीयांना जागा मिळावी, वरच्या नोकऱ्या त्यांना खुल्या व्हाव्यात, हा त्याचा रोख होता. १८५३ च्या कायद्याने मुलकी नोकरीसाठी स्पर्धा परीक्षा आणली, परंतु ती इंग्लंडात. नव्या विधिमंडळात एकही हिंदी माणूस नव्हता. एकाच वर्षी सावद्याचा शेतकरी जमावाने बोलला आणि मुंबईचा शेटसावकार अर्जाने. पहिल्याला कैद मिळाली, दुसऱ्याला पोच. दोन्ही गाऱ्हाणी एका कागदावर आली नाहीत, ही या इतिहासातली मोठी उणीव आहे.

मद्रासकडे ही उणीव काही अंशी भरून निघाली. सारावसुलीतील छळाची तक्रार १८५४ मध्ये थेट कॉमन्स सभेत चर्चेला आली, चौकशी आयोग नेमला गेला आणि १८५५ च्या अहवालाने छळ होत असल्याचे मान्य केले.

अर्जाची रीत : अर्ज पार्लमेंटच्या सभासदामार्फतच मांडावा लागे. शेवटी मागणी स्पष्ट असावी, सह्या वा निशाण्या खऱ्या असाव्यात, इंग्रजी नसलेल्या अर्जासोबत भाषांतर असावे, असे नियम होते. १८३३ पासून एक समिती अर्जांची छाननी करून अहवाल छापी. १८४० च्या दशकात अर्ज मांडताना चर्चा करण्यावर बंधने आली, त्यामुळे बहुतेक अर्ज नोंदले जात आणि तेथेच थांबत. मोडी लिहिणाऱ्या पाटील-कुळकर्ण्याला ही वाट किती लांबची होती हे यावरून कळते. त्याच्यासाठी मामलेदार, कलेक्टर आणि रेव्हिन्यू कमिशनर ह्याच दाद मागण्याच्या पायऱ्या.

विंगेटचा ग्रंथ : खानदेशात ज्याची पाहणी अडवली गेली त्याच जॉर्ज विंगेटने १८५९ मध्ये हिंदुस्थान व इंग्लंड यांच्या आर्थिक संबंधांवर पुस्तक लिहिले आणि हिंदुस्थानातून इंग्लंडकडे जाणारा पैसा ही खंडणी असल्याचे ठरवले. दादाभाईंनी संपत्तीच्या अपहाराच्या मांडणीत त्याचा आधार घेतला. पार्लमेंटपुढे रयतेची बाजू अशी, तिचा सारा ठरवणाऱ्याच्या लेखणीतूनही पोचली.

सार्वजनिक सभा : २ एप्रिल १८७० रोजी पुण्यात स्थापना. सभासदाने किमान ५० प्रौढ माणसांचे मुखत्यारपत्र आणावे, हा तिचा नियम प्रातिनिधिकतेच्या दृष्टीने महत्त्वाचा. गणेश वासुदेव जोशी हे प्रमुख चालक. १८७५ मध्ये हिंदुस्थानला कॉमन्स सभेत प्रतिनिधित्व मिळावे, असा २१ हजारांवर सह्यांचा अर्ज सभेने पाठवला. मागणी मान्य झाली नाही. १८९६-९७ च्या दुष्काळात साऱ्याची तहकुबी व सूट यांचे नियम तिने शेतकऱ्यांना समजावून सांगितले. १८९७ मध्ये सरकारने तिची मान्यता काढून घेतली.

पार्लमेंटमधील हिंदुस्थानचे हितचिंतक : जॉन ब्राइट, दादाभाई (१८९२-९५), विल्यम वेडरबर्न (१८९३-१९००).

भिल्लांची गाऱ्हाणी : भिल्ल एजन्सीमार्फत हाताळली गेली. वरील अर्जांत त्यांना स्थान नाही.

कर्जाचा प्रश्न : सावकारांविरुद्धच्या १८७५ च्या दख्खनमधील दंग्यांनंतर पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या जिल्ह्यांसाठी १८७९ चा दख्खन शेतकरी कायदा झाला. खानदेश त्यातून वगळला गेला होता.