घारापुरी आणि ‘पुरी’चा प्रश्न

मुंबईच्या अपोलो बंदरापासून दहा-अकरा किलोमीटरांवर, उरण तालुक्याच्या हद्दीत घारापुरी बेट आहे. दक्षिण किनाऱ्यावरील काळ्या पाषाणाच्या भव्य हत्तीवरून पोर्तुगीजांनी त्याचे नवे नामकरण केले. त्या हत्तीची मान व मस्तक १८१४ मध्ये ढासळले. पुढे त्याचे तुकडे मुंबईस नेण्यात आले आणि १९१४ मध्ये भायखळ्याच्या उद्यानात ते पुन्हा जोडण्यात आले. नाव देणारा हत्ती बेटावर उरला नाही. जुने नाव मात्र टिकले.

हे जुने नाव इतिहासाच्या एका वादाशी निगडित आहे. शके ५५६ (इ. स. ६३४-३५) च्या ऐहोळे प्रशस्तीत दुसऱ्या पुलकेशीने शेकडो नौकांनिशी ‘पुरी’ ही नगरी घेतल्याचा उल्लेख असून तिला पश्चिम समुद्राची लक्ष्मी म्हटले आहे. ही पुरी म्हणजे घारापुरीच, असे एक मत आहे. काहींचा कल जंजिऱ्याजवळच्या राजापुरीकडे आहे.

‘लेण्यांची नगरी’ हा घारापुरीचा रूढ अर्थ लोकव्युत्पत्तीचाच म्हणावा लागेल. नावाचे उत्तरपद अधिक बोलके आहे. दोन स्वरांमधील संस्कृत ‘प’ मराठीपर्यंत येताना सहसा शिथिल होतो: दीप-दिवा, ताप-ताव. घारापुरी हा एकसंध समास म्हणून मुखपरंपरेने उतरला असता तर त्यातील ‘प’ असा अभंग राहणे कठीण होते. मागाहून संस्कृतवळण लागले, असा आक्षेप यावर घेता येईल. परंतु १५६३ मध्ये गोव्यात छापलेल्या ग्रंथात गार्सिया द ओर्ता या बेटाचे स्थानिक नाव नुसते ‘पोरी’ असे देतो. सोळाव्या शतकात ‘पुरी’ हा स्वतंत्र शब्द वापरात होता, एवढे यावरून दिसते. ती राजधानी होती, हे मात्र यावरून ठरत नाही.

येथे बेटाच्या भूरचनेची साक्ष काढणे अगत्याचे आहे. काळ्या कातळाच्या दोन टेकड्या, त्यांतील उंच ती सुमारे १७३ मीटर, मध्ये घळ, सभोवार घेर जेमतेम सात किलोमीटर. ओहोटीस किनाऱ्यावर चिखलाचे पट्टे उघडे पडतात व तिवरांची दाटी वाढते. वर ताड, चिंच, करंज. बारमाही नदी नाही; पावसाचे पाणी साठवावे लागते, म्हणूनच लेण्यांलगत कातळात टाकी कोरलेली आहेत. मोठ्या नगरास सैन्यासह पोसण्याइतकी शेतजमीनही येथे नाही.

याउलट बंदर म्हणून बेटाचे महत्त्व स्पष्ट आहे. रोमन मद्यकुंभांची खापरे, मोराबंदराकडील विटांचा स्तूप आणि कलचुरी कृष्णराजाची विपुल लहान नाणी यांवरून दीर्घकाळची वर्दळ दिसते. सहाव्या शतकाच्या मध्यास खोदले गेलेले महालेणे याच वर्दळीच्या काठी उभे राहिले. तेव्हा पुरी हे नाव बेटाचे मानले, तरी तेथे बंदर व तीर्थ असावे, राज्याचा कारभार समोरच्या भूमीवरून चालत असावा, हे अनुमान अधिक ग्राह्य वाटते.

निर्णायक ठरू शकणारा पुरावा एकच होता. लेण्याच्या दारावरील लेखयुक्त शिळा पोर्तुगीजांनी काढून राजा तिसरा जुआंव याच्याकडे पाठविली, असे दियोगु द कौतो लिहितो. ती वाचणारा तेथे कोणी मिळाला नाही. त्या शिळेचा पुढे ठावठिकाणा लागलेला नाही.