कुलाब्याची नोंदवही आणि निसटणारे कण

वत्सगुल्म हे नाव आपल्या विषयाच्या अभ्यासकाला भेटते ते वाकाटकांच्या संदर्भात. त्या शाखेचा संस्थापक सर्वसेन, त्याचे ‘हरिविजय’ हे प्राकृत काव्य, ते काव्य आज हाती नसून अलंकारशास्त्रकारांनी दिलेल्या अवतरणांतूनच ते आपल्याला ठाऊक आहे ही खंत, एवढे सांगून आम्ही वर्गात पुढे सरकतो. याच वत्सगुल्माचा, म्हणजे आजच्या वाशीमचा, निर्देश सातव्या शतकातील पहिल्या भास्कराच्या ‘महाभास्करीय’ या ज्योतिषग्रंथातही आहे, हे मात्र सहसा सांगितले जात नाही. लंकेपासून उज्जयिनीवरून मेरूपर्यंत जाणाऱ्या मध्यरेखेवरील गावांची जी यादी भास्कराने दिली आहे, तीत वत्सगुल्म आहे. वाशीमच्या मध्यमेश्वर मंदिराशी या रेखेची आठवण आजही जोडली जाते. आधुनिक मोजणीने वाशीम उज्जैनच्या रेखांशापासून सुमारे सव्वा ते दीड अंश पूर्वेला पडते. पण ज्या काळी रेखांश काढणे हेच अत्यंत अवघड होते, त्या काळासाठी ही चूक लहानच म्हणावी लागेल.

मध्यरेखा मानलेली असते. पृथ्वीची चुंबकीय बलरेषा मात्र प्रत्यक्ष काम करते. होकायंत्राची सुई तिच्या आज्ञेत असते. वाशीमहून निघणारी बलरेषा जेमतेम तीन-चारशे किलोमीटर उंची गाठून दक्षिणेकडे वळते आणि हिंदी महासागरावर खाली येते. उत्तर युरोपातून किंवा कॅनडातून निघणाऱ्या बलरेषा हजारो किलोमीटर दूर जाऊन परततात, आणि त्या विस्तीर्ण कमानींमध्ये भारित कण अडकून पडलेले असतात. त्यांचेच प्रारण-पट्टे. आपल्या आकाशातील बलरेषा तेथवर पोचतच नाहीत. तिकडचे कण खाली सांडले की त्या देशांत ध्रुवप्रकाश दिसतो. आपल्याकडे सहसा काहीच दिसत नाही. आपल्याला साक्ष देते ती फक्त सुई. म्हणूनच, हे कण कसे नाहीसे होतात या प्रश्नाच्या इतिहासातील एक महत्त्वाचा दस्तऐवज ज्या प्रदेशात ते कधी पडत नाहीत तेथे, मुंबईत, लिहिला गेला ही गोष्ट आम्हाला विशेष वाटते.

कुलाब्याची वेधशाळा ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ साली स्थापिली ती खगोलवेध आणि कालगणना यांसाठी. चुंबकीय वेध १८४१ मध्ये, एल्फिन्स्टनचे प्राध्यापक ऑर्लिबार यांच्या काळात सुरू झाले. येथे मराठीच्या वाचकाला दोन ओळखीची माणसे भेटतात. ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकर यांनी या वेधशाळेच्या संचालकपदाची धुरा वाहिली होती. केरो लक्ष्मण छत्रे, आपले केरुनाना, यांनी येथे सुमारे दहा वर्षे साहाय्यक म्हणून काम केले. पुढे ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ लिहिणारा आणि टिळकांना गणित शिकविणारा हा पंडित विशीपूर्वीच चुंबकाच्या सुईपुढे बसून आकडे टिपत होता. आपल्या वाङ्मयेतिहासांत या पर्वाला एखादे वाक्य मिळते. मराठी गद्याच्या पहिल्या पिढीतील माणसे रोज काय काम करीत होती, याकडे आपण आणखी थोडे लक्ष दिले असते तर बरे झाले असते.

केरुनाना कुलाबा सोडून गेल्यावर काही वर्षांनी ती घटना घडली. १ सप्टेंबर १८५९ रोजी इंग्लंडात रिचर्ड कॅरिंग्टन आणि रिचर्ड हॉजसन या दोघांनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, सूर्यबिंबावर काही मिनिटे टिकलेला प्रखर उजाळा पाहिला. त्यानंतर साडेसतरा तासांच्या आसपास पृथ्वीवर चुंबकीय वादळ येऊन धडकले. मुंबईत तेव्हा २ सप्टेंबरची सकाळ होती. कुलाब्यात एरवी ठरावीक वेळाने वाचन होई. सुई अस्वस्थ झाली की काही मिनिटांच्या अंतराने होई. त्या दिवशी चुंबकीय क्षेत्राचा क्षितिजसमांतर घटक सुमारे १६०० नॅनोटेस्लाने, म्हणजे एकूण बलाच्या चार टक्क्यांच्या आसपास, कोसळला. क्यू येथील छायाचित्रण करणारे उपकरण अशा वेळी उपयोगी पडले नाही, रेघ कागदाबाहेर गेली. मुंबईत डोळ्यांनी वाचून हाताने लिहिणारी माणसे होती, म्हणून घसरण आणि पुनरागमन दोन्ही कागदावर उरले.

मात्र जे लिहिले त्याचा अर्थ लिहिणाऱ्यांना कळणे शक्यच नव्हते. इलेक्ट्रॉनचा शोध लागायला १८९७ उजाडायचे होते. १८९६ मध्ये या वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक झालेले नानाभॉय फ्रामजी मूस यांनी १८४६ ते १९०५ या साठ वर्षांच्या नोंदी १९१० साली दोन खंडांत प्रसिद्ध केल्या. अनेक वादळे एकत्र ठेवून पाहिल्यावर त्यांना एक ठरीव चाल आढळली: आधी किंचित चढ, मग खोल घसरण, मग संथ पुनरागमन. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून चुंबकीय वेध १९०४ मध्ये अलिबागला हलविले गेले. नव्या इमारतीत लोखंड नको, म्हणून पोरबंदरचा दगड वापरला. आणि जुन्या-नव्या नोंदींचा सांधा जुळावा म्हणून सुमारे दोन वर्षे दोन्ही ठिकाणी वेध चालू ठेवले. पाठचिकित्सकाने हेवा करावा अशी ही दक्षता आहे. अलिबागजवळचे नागाव हे केरुनानांचे जन्मगाव, हा निव्वळ योगायोग.

घसरणीचे कारण म्हणून वलयप्रवाहाची कल्पना चॅपमन आणि फेरारो यांनी १९३० च्या दशकारंभी मांडली. वादळात सूर्याकडून आणि पृथ्वीच्याच वरच्या वातावरणातून आलेले भारित कण पृथ्वीभोवती फिरू लागतात. धन कण पश्चिमेकडे, इलेक्ट्रॉन पूर्वेकडे. दोहोंचा मिळून पश्चिमवाही प्रवाह होतो आणि तो विषुववृत्ताजवळचे क्षेत्र दुबळे करतो. १९५८ साली व्हॅन ॲलन यांच्या गणकयंत्रांनी एक्सप्लोरर उपग्रहांवरून अडकलेल्या कणांचे पट्टे प्रत्यक्ष दाखविले. तेव्हा मूस यांच्या ‘संथ पुनरागमना’चा अर्थ उलगडला. सुई परत येते, कारण वर कण कमी होत असतात. नोंदवहीतील ती चढती रेघ म्हणजे हानीचा जमाखर्च.

कण जातात कोठे? बलरेषेभोवती गिरक्या घेत कण एका गोलार्धातून दुसऱ्या गोलार्धाकडे जातो, क्षेत्र दाट झाले की परत फिरतो. त्याची गती बलरेषेला फार समांतर असेल तर मात्र तो वळण्याआधीच सुमारे शंभर किलोमीटर उंचीवरच्या हवेत शिरतो आणि तेथेच संपतो. ज्यांची दिशा अशी नाही त्यांना ती दिशा लाटा देतात. वीज कडाडल्यावर निघणाऱ्या आणि ध्वनिरूपात शिट्टीसारख्या ऐकू येणाऱ्या लहरी, तसेच अवकाशातच जन्मणाऱ्या फुत्कारासारख्या लहरी इलेक्ट्रॉनांना हलके हलके वळवतात. आतल्या आणि बाहेरच्या पट्ट्यांमधली रिकामी फट अशाच फुत्कारामुळे पडते, हे लायन्स, थॉर्न आणि केनेल यांनी १९७२ मध्ये दाखविले. वलयप्रवाहातील धन कणांची मुख्य वाट वेगळी आहे. पृथ्वीभोवती हायड्रोजनचे अतिविरळ आवरण आहे. त्यातील अणूकडून वेगवान कण एक इलेक्ट्रॉन उचलतो, उदासीन होतो, आणि त्याच क्षणी चुंबकाचा त्याच्यावरचा हक्क संपतो. तो सरळ निघून जातो. तिसरी वाट बाहेरची: सौरवाऱ्याने चुंबकीय कुंपण आत दाबले की फिरत्या कणांची वाट कुंपणाबाहेर पडते आणि तासाभरात पट्टे ओस पडू शकतात. १९६२ च्या जुलैत अमेरिकेने प्रशांत महासागरावर केलेल्या अण्वस्त्र-स्फोटाने कृत्रिम पट्टा निर्माण झाला, तेव्हा आतल्या भागातील इलेक्ट्रॉन वर्षानुवर्षे हलेनात आणि अनेक उपग्रह निकामी झाले. उलट, १९८९ ते २००० मधील २७६ वादळांच्या अभ्यासात निम्म्याहून थोड्या अधिक वादळांनंतर बाह्य पट्ट्यातील इलेक्ट्रॉन वाढलेले आढळले, सुमारे एकपंचमांश वादळांनंतर घटलेले. वादळ भरतेही आणि उपसतेही. उरते ती वजाबाकी.

आता पुन्हा १८५९ कडे. २००३ मध्ये त्सुरुतानी, गोन्झालेझ आणि भारतीय भूचुंबकत्व संस्थेचे लखिना व ॲलेक्स यांनी कुलाब्याची नोंद नव्याने वाचली आणि वादळाची तीव्रता सुमारे उणे १७६० नॅनोटेस्ला ठरवली. मार्च १९८९ मध्ये कॅनडाच्या क्वेबेक प्रांताला अंधारात ढकलणारे वादळ उणे ५८९ चे होते, हे लक्षात घेतले म्हणजे या आकड्याचे वजन कळते. आणि लगेच वाद सुरू झाला. वादाचे मूळ घसरणीत नसून पुनरागमनात आहे. कुलाब्याची सुई तास-दोन तासांतच बरीचशी वर आली. हायड्रोजनच्या आवरणातून होणारी हानी एवढी वेगवान नसते. वलयप्रवाह ओसरायला एरवी दिवस लागतात. म्हणून काहींनी म्हटले की ती खोल टोकदार घसरण वलयप्रवाहाची नव्हेच, ध्रुवीय प्रदेशातील प्रवाह त्या दिवशी असाधारण दक्षिणेस सरकले होते त्यांची ती खूण. इतरांनी तासाची सरासरी धरून आकडा निम्म्यावर आणला. दुसऱ्या बाजूचे म्हणणे असे की अतितीव्र वादळात कण पुरते अडकतच नाहीत. दुपारच्या बाजूने वाहत बाहेर जातात, आणि पुरवठा थांबताच प्रवाह झपाट्याने तुटतो.

आमच्यासारख्या ग्रंथपाठाशी झटणाऱ्यांना हा वाद ओळखीचा वाटतो. पाठ निश्चित आहे, अक्षरे शंकेपलीकडची आहेत. प्रश्न असा की कण किती वेगाने जाऊ शकतात याबद्दल तुम्ही काय मानता, यावर त्या आकड्यांचा अर्थ ठरतो. आमचा कल दोन्ही प्रवाह एकत्र मिसळले असावेत या मताकडे आहे. मात्र एकाच ठिकाणच्या एकाच घटकावरून हे सिद्ध होणार नाही, ही विरोधकांची तक्रार रास्तच आहे. त्या तक्रारीला कुलाब्याच्याच छापील वार्षिक खंडाने काही अंशी उत्तर दिले. क्षितिजसमांतर घटकाबरोबर सुईचे दिक्पात आणि उभा घटकही त्या दिवशी टिपले गेले होते. २०२२ मध्ये हायाकावा आणि सहकाऱ्यांनी ही तिन्ही मोजमापे एकत्र मांडली आहेत.