सातां समुद्रांपलीकडचें गांव

दक्षिण अटलांटिक महासागराच्या नकाशावर, आफ्रिका व दक्षिण अमेरिका यांच्या दरम्यान, एक सूक्ष्म ठिपका दिसतो. त्याचें नांव त्रिस्तान द कून्हा. सर्वांत जवळची मनुष्यवस्ती म्हणजे सेंट हेलिना, आणि तीही सुमारें १,५०० मैलांवर. अवघ्या ३८ चौरस मैलांचें हें बेट म्हणजे समुद्रांतून वर आलेला ज्वालामुखी पर्वतच होय. त्याच्या पायथ्याशीं जी चिंचोळी सपाट पट्टी आहे, तीवर एकच गांव वसलें आहे. १८६७ सालीं एडिंबरोचा ड्यूक तेथें येऊन गेला. त्याच्या स्मरणार्थ गांवास ‘सात समुद्रांचें एडिंबरो’ हें भव्य नांव मिळालें.

१५०६ सालीं हिंदुस्थानाकडे निघालेल्या पोर्तुगीज आरमाराच्या नायकास हें बेट प्रथम दिसलें व त्याचेंच नांव त्यास पडलें. त्याच आरमाराबरोबर अफोंसो द आल्बुकेर्क होता. १५१० सालीं गोवें जिंकणारा तो हाच. या सफरीनें बेटास नांव दिलें, परंतु वस्ती दिली नाहीं. पुढें तीनशें वर्षे तेथें समुद्रपक्षी व सील यांचेंच राज्य होतें. १८११ सालीं जोनाथन लँबर्ट या अमेरिकन खलाशानें बेटाचें स्वामित्व जाहीर केलें. पण दोनच वर्षांत समुद्रानें त्याचा बळी घेतला.

खरी वस्ती झाली ती नेपोलियनमुळें. तो सेंट हेलिनावर बंदिवासांत असतां त्याच्या सुटकेसाठीं शत्रु या बेटाचा उपयोग करतील, या भीतीनें इंग्रजांनीं १८१६ सालीं तेथें लष्करी ठाणें घातलें. वर्षभरांतच तें उठलें. मात्र विल्यम ग्लास नांवाच्या एका स्कॉटिश नाईकानें मागें राहण्याची परवानगी मागितली. त्याची पत्नी, दोन मुलें व दोन गवंडी एवढाच त्याचा परिवार. नोव्हेंबर १८१७ मध्यें त्यांनीं एक करारपत्र लिहिलें. गुरेंढोरें व सामान सर्वांच्या मालकीचें. नफा सारखा वांटावयाचा. आणि कोणीहि दुसऱ्यावर वरचढपणा गाजवावयाचा नाहीं, सर्वांचा दर्जा एकच, असें त्यांत ठरलें. लष्कराच्या शिस्तींत वाढलेल्या माणसांनीं हुकमत नाकारून गांव वसवावें, हें या इतिहासांतील मोठें आश्चर्य होय.

मूळ सोबती पांगले, पण त्यांची जागा नव्यांनीं घेतली. १८२७ सालीं सेंट हेलिनाहून कांहीं स्त्रिया येऊन संसार थाटले. पुढें जहाजें फुटून डच, इटालियन खलाशी आले; अमेरिकन देवमासे-शिकारीहि स्थायिक झाले. सारें गांव अखेर अवघ्या सात आडनांवांत सामावलें. बटाटे पिकवावे, मासे धरावे, लांकडी सांगाड्यावर किंतान ताणून होड्या बांधाव्या, आणि जवळून जाणाऱ्या जहाजांशीं मालाची अदलाबदल करावी, असा जीवनक्रम होता. नाण्यांचें महत्त्व इतकें थोडें कीं, १९४६ सालीं टपालाच्या तिकिटाचा जो नमुना तयार झाला त्यावर एक पेनी म्हणजे चार बटाटे असा दर छापला होता!

हें जीवन निर्धोक मात्र नव्हतें. १८८५ सालीं एका जहाजाशीं व्यापार करावयास होडींतून गेलेले पंधरा पुरुष परत आलेच नाहींत. इतक्या लहान गांवांतील बहुतेक सारे कर्ते पुरुष एकाच दिवशीं गेले. बेट सोडण्याच्या सूचना वेळोवेळीं आल्या. तरी ज्यांनीं राहावयाचें ठरविलें ते राहिलेच.

मग ऑक्टोबर १९६१ मध्यें गांवाच्या अगदीं लगत जमीन दुभंगून ज्वालामुखी जागा झाला. सारे रहिवासी होड्यांतून निसटले आणि केपटाउनमार्गें इंग्लंडांत पोहोंचले. तेथें घरें मिळालीं, कारखान्यांत कामें मिळालीं, दूरचित्रवाणी व मोटारी दिसल्या. आतां हे लोक परत कशाला जातात, असें पुष्कळांस वाटलें. परंतु तेथील हिवाळ्यांत वृद्धांस श्वासाचे विकार जडले. आणि घड्याळाच्या कांट्यावर दुसऱ्याच्या हुकमानें काम करणें अनेकांस रुचेना. डिसेंबर १९६२ मध्यें मतदान झालें. परतण्याच्या बाजूनें १४८ मतें पडलीं, विरुद्ध अवघीं ५.

१९६३ सालीं बहुतेक सारे गांवीं परतले. लाव्ह्यानें मासळीचा कारखाना व होड्या लावण्याचे किनारे गिळले होते, पण घरें बहुतांशीं शाबूत होतीं. कांहीं थोडे पुढें पुन्हा इंग्लंडला गेले, हेंहि खरें; पण गांव टिकलें. आज तेथें अडीचशेंहून कमी माणसें आहेत. विमानतळ नाहीं, केपटाउनहून जहाजानें जावयास सुमारें आठवडा लागतो. जमीन सामाईक मालकीची आहे, आणि एक कुटुंब दुसऱ्याहून अति संपन्न होऊं नये म्हणून गुरांच्या संख्येवर बंधन आहे.

त्या १४८ मतांचा अर्थ केवळ मायभूमीच्या ओढीनें लागत नाहीं. इंग्लंडांत सुख होतें, पण तेथें प्रत्येकावर कोणी ना कोणी वरिष्ठ होता. बेटावर कष्ट होते, तथापि वरिष्ठ कोणीच नव्हता. १८१७ च्या करारपत्राचा कागद जुना झाला. त्यांतील वचन मात्र माणसांच्या अंगवळणीं पडलें होतें, आणि त्याच वचनानें त्यांना घरीं नेलें.