मुखपृष्ठावरचे गाणारे चेहरे

मासिकाचे मुखपृष्ठ ही नुसती सजावट नसते. गाणे कोणाचे आणि तरुण कोणाला म्हणायचे, हे ते न बोलता ठरवत असते. मंडळाच्या वार्षिक अंकाचे काम सुरू होत आहे, म्हणून ही माहिती येथे एकत्र देत आहोत.

बेळगाव आणि मासिके
बेळगावात सायकलचे दुकान चालवणारे लक्ष्मणराव किर्लोस्कर १९१० मध्ये किर्लोस्करवाडीला गेले. तेथूनच पुढे ‘किर्लोस्कर’ (१९२०), ‘स्त्री’ (१९३०) आणि ‘मनोहर’ (१९३४) ही मासिके निघाली. शिकलेली, घराबाहेर पडणारी तरुण पिढी या मासिकांनी मराठी घरांत आणली. केवळ संगीताला वाहिलेले ‘संगीत कला विहार’ हे मासिक अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाने १९४७ मध्ये सुरू केले. सुळेभावीत जन्मलेल्या कुमार गंधर्वांचे गुरू प्रो. बी. आर. देवधर त्याचे संपादक होते.

दिवाळी अंकांतील गायिका
दीनानाथ दलाल (१९१६–१९७१) आणि रघुवीर मुळगावकर (१९१८–१९७६) हे दोघेही मूळचे गोव्याचे. त्यांच्या चित्रांनी दिवाळी अंकांची मुखपृष्ठे घडवली. हातात वीणा किंवा तंबोरा घेतलेली, दागिन्यांनी नटलेली तरुणी आपण सर्वांनी पाहिली आहे. चित्रे देखणी होती, यात वादच नाही. पण ती तरुणी ठरावीक वर्गाची, ठरावीक सोज्वळपणाची असे. हलगी, संबळ किंवा चौंडके क्वचितच दिसे.

नावामागची भीती
ध्वनिमुद्रिकांवरही हाच विचार होता. परंपरेने गाणाऱ्या स्त्रियांपासून वेगळेपण दाखवण्यासाठी घरंदाज गायिकांच्या नावापुढे ‘अमॅच्युअर’ असे छापत. गंगूबाई हनगल यांच्या सुरुवातीच्या मुद्रिकांवर ‘गांधारी’ हे नाव होते. आवाज तोच, पण नाव वेगळे.

परदेशातही फारसे वेगळे नाही. ‘रोलिंग स्टोन’च्या १९६७ च्या पहिल्या अंकावर जॉन लेनन होता. तरुण म्हटला की गोरा, गिटारवाला पुरुष, ही समजूत अशा मुखपृष्ठांनी पक्की केली.

मुखपृष्ठ पाहताना
१. वाद्य कोणते आहे आणि ते कोणाच्या हातात आहे?
२. व्यक्तीचे नाव छापले आहे, की ती नुसती ‘लोककलावंत’ आहे?
३. ती गाताना दिसते, की फक्त नटलेली?
४. तरुण मुले प्रेक्षकांत आहेत, की कलाकारांत?

आपले काय?
बँकेतील सवयीने आम्ही मंडळाचे जुने अंक काढून जमा-खर्च मांडला. तंबोरा, समई, सरस्वती पुन्हा पुन्हा आली. कॅम्पातले बँडवादक, निपाणीच्या विडी कामगार स्त्रियांच्या ओव्या, सौंदत्तीच्या वाटेवरचे चौंडके यांतले एकही नाही. अंक निवडणारे आम्हीच होतो, तेव्हा ही चूक आमचीच.

चौंडक्याबाबत एक सावधगिरी हवी. देवदासी प्रथेवर कर्नाटकात १९८२ च्या कायद्याने बंदी आणली गेली. वाद्याचा मान राखताना त्या प्रथेचे कौतुक होता कामा नये. छायाचित्र घ्यायचे तर संमतीने आणि नावानिशी.

सीमाभागात आपली भाषा पाटीवर दिसावी म्हणून आपण आयुष्य घालवले. न दिसण्याचे दुःख आपल्याला कोणी सांगायला नको. मग आपल्याच अंकावर आपलीच माणसे का दिसू नयेत? यंदाचे मुखपृष्ठ निवडताना विशीतली दोन मुले-मुली समितीत असावीत, असे आम्ही सुचवतो. घरी जुने अंक असतील तर रद्दीत घालू नका, मंडळात आणून दाखवा.