'टेबल' करायचं म्हणजे आत्ता की नंतर?

आजच्या भागात लढाई आहे, पण सुरुवात एका साध्या शब्दाने करूया. टेबल.

"अहवाल सभागृहाच्या पटलावर ठेवला," हे वाक्य तुम्ही बातम्यांत ऐकलं असेल. ही पद्धत आपल्याकडे ब्रिटिश पार्लमेंटकडून आली, आणि तिथे हे पटल म्हणजे खरंखुरं लाकडी टेबल. कागद त्यावर आला की तो सगळ्यांसमोर आला. म्हणून ब्रिटिश इंग्रजीत एखादा विषय 'टेबल' करणं म्हणजे तो चर्चेला घेणं. अमेरिकेत नेमकं उलट! तिथे 'टेबल' करणं म्हणजे तूर्तास बाजूला ठेवणं. टेबल तेच, पण एकाने कागद ठेवला तो वाचायला, दुसऱ्याने ठेवला तो पडून राहावा म्हणून. (आयटीवाल्यांनो, अमेरिकन क्लायंट "लेट्स टेबल धिस" म्हणाला तर लगेच प्रेझेंटेशन उघडू नका.)

आता डिसेंबर १९४१. पर्ल हार्बरवर हल्ला होऊन दोन आठवडे झालेत आणि चर्चिल आपले सेनाधिकारी घेऊन वॉशिंग्टनला पोचलेत. एका बैठकीत ब्रिटिशांना एक कागद तातडीने चर्चेला घ्यायचा होता. म्हणून ते म्हणाले, हा टेबल करूया. अमेरिकन म्हणाले, छे, इतका महत्त्वाचा विषय टेबल कसा करायचा? बराच वेळ वाद झाला, आवाज चढले. मग लक्षात आलं की दोघांनाही एकच गोष्ट हवी आहे! चर्चिल यांनी स्वतः हा किस्सा 'द ग्रँड अलायन्स' या पुस्तकात लिहून ठेवलाय. आणि गंमत बघा, चर्चिल यांची आई अमेरिकन होती.

इथे फक्त वेळ गेला. दहा वर्षांनी कोरियात मात्र प्रकरण गंभीर होतं.

एप्रिल १९५१. सोलच्या उत्तरेला इमजिन नदीवर ब्रिटिश ब्रिगेड उभी आहे आणि चिनी सैन्य लाटांसारखं चालून येतंय. ग्लॉस्टरशायर रेजिमेंटची एक बटालियन टेकडीवर पार एकटी पडली. ब्रिगेडियर ब्रॉडी यांचे वरिष्ठ होते अमेरिकन जनरल सूल. त्यांना ब्रॉडींनी कळवलं, "थिंग्ज आर अ बिट स्टिकी, सर." असं नेहमी सांगितलं जातं. ब्रिटिश अधिकाऱ्याच्या तोंडी 'जरा अवघड आहे' याचा अर्थ 'वाट लागली आहे' असा असतो. संकट जितकं मोठं, तितका शब्द छोटा, ही त्यांची शिस्त. अमेरिकन कानांनी शब्दशः अर्थ घेतला: अवघड आहे, पण सांभाळतायत.

सगळा दोष त्या एका वाक्यावर टाकणं मला पटत नाही. २४ एप्रिलला मदतीला निघालेले रणगाडे डोंगरातल्या अरुंद रस्त्यातच अडकले होते. शब्द नीट कळला असता तरी तो रस्ता काही रुंद झाला नसता. पण माघारीचा निर्णय लवकर झाला असता, असं मला वाटतं. प्रत्यक्षात २५ तारखेला निघायची परवानगी मिळाली तेव्हा टेकडी चारही बाजूंनी वेढलेली होती. मोजकेच सैनिक निसटले. पाचशेहून जास्त जण कैद झाले, आणि कमांडर कर्नल कार्न यांच्यासह अनेकांची सुटका १९५३ मध्ये झाली.